भुवया कोणता देव घेतो?

९ जून २००६

आजपासून दैनंदिनी. आत्मशोध वगैरे काही नाही. मला चिंचेविरुद्ध पुरावा गोळा करायचा आहे.

काही महिन्यांपासून जेवलं की पोटात जळतं. मी मूळचा साताऱ्याचा, आयुष्य आमसुलावर गेलं. मोटारींचे ब्रेक तपासायच्या नोकरीपायी चेन्नईला आलो आणि इथेच अण्णा नगरात निवृत्त झालो. एकुलती एक मुलगी, रेवा, मैलापूरला दिली. सासरची माणसं मराठीच, पण तंजावरची. तीनशे वर्षं इकडे राहून त्यांच्या मराठीला तमिळ चाल लागली आहे आणि आमटीला चिंच. विहीणबाई अन्नपूर्णाबाई दर रविवारी सांबाराचा डबा पाठवतात आणि सोमवारी माझं पोट पेटतं. योगायोग म्हणा हवं तर. मी तपासनीस आहे, मी योगायोग मानत नाही.

बायको, शैला, म्हणाली की डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, आधी पुरावा, मग डॉक्टर.

२२ जून

चिंच पूर्ण बंद केली तरी जळजळ वाढली. याचा अर्थ चिंच अंगात मुरलेली आहे. चांगली गोष्ट एकच, पोट सपाट झालं आहे. पँट कमरेवरून घसरते. खाली राहणारी कनका, आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, लिफ्टमध्ये म्हणाली की मामा फार उतरलात. मी तिला पहाटेच्या फेरफटक्याचे फायदे समजावून सांगितले. (फेरफटका बंद आहे, दम लागतो. पण ते तिला कशाला?)

सकाळी शौचाला काळी झाली. जांभळं खाल्ल्यामुळे. जांभळं कधी खाल्ली ते आठवत नाही, पण सीझन चालू आहे.

४ जुलै

एग्मोर स्टेशनवर चक्कर येऊन पडलो. व्याही कृष्णाजी कुठल्याशा लग्नाहून परतत होते, त्यांना आणायला गेलो होतो. शेवटी त्यांनीच मला आणलं, त्यांची ट्रंक आणि मी एकाच हातगाडीवर. मी हमालाला सांगत होतो की चाक उजवीकडे ओढतंय, बेअरिंग बघ. कृष्णाजी माझा हात धरून चालत होते आणि सारखे म्हणत होते, "परवाइल्ल, परवाइल्ल." म्हणजे काही हरकत नाही. त्यांचा हात घामाने भिजला होता. प्रवासाचा शीण असणार.

हिमोग्लोबिन सातच्या खाली. उद्या घशातून दुर्बीण घालून पोट बघणार आहेत.

१५ जुलै

चिंच निर्दोष सुटली.

पोटात मोठा व्रण होता. त्याचे तुकडे तपासायला गेले. आधी कुणीतरी म्हणालं पोटाचा साधा कॅन्सर. (साधा!) मग त्याच तुकड्यांना वेगवेगळे रंग लावून पुन्हा पाहिलं आणि निकाल बदलला. लिम्फोमा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीने माझ्या जठरात बंड केलं आहे. जठरात हा प्रकार दुर्मिळ आणि माझा तर त्यातला आक्रमक. डॉ. विशालाक्षी तरुण आहेत, मोठा चष्मा लावतात आणि कागदावर चित्र काढून समजावतात. मी तपासनीस आहे म्हटल्यावर त्यांनी काहीच लपवलं नाही. हा रागीट आहे म्हणून भराभर वाढतो, पण म्हणूनच औषधाने भराभर विरघळतोही. बरेच जण पूर्ण बरे होतात. धोका असा की गाठ जठराच्या भिंतीतच आहे. ती फार वेगाने विरघळली तर भिंतीला भोक पडू शकतं. म्हणून पहिला डोस हॉस्पिटलात, नजरेखाली.

म्हणजे गाठ राहिली तरी मरण आणि घाईने गेली तरी मरण. ब्रेकचंही असंच असतं. मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या, शैला हसली नाही.

घरी येताना शैलाला बजावलं की नवस, उपास, अंगारे काही चालणार नाही. बरा झालो तर औषधाने, नाही झालो तर माल खराब होता. ती "बरं" म्हणाली. इतक्या लवकर ती कधी ऐकत नाही.

आणि सोसायटीत कुणाला सांगायचं नाही. लोक शहाळी घेऊन येतील आणि पडेल चेहऱ्याने सोफ्यावर बसतील. मला ते सहन होणार नाही.

२१ जुलै

पहिला डोस झाला. सुरुवातीला अशी काही हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. नर्सने बाटलीचा वेग कमी केला. मग एक लालभडक औषध आलं. लघवीही लाल झाली. मी संडासातून ओरडलो की भोक पडलं. तीन नर्सा आणि एक वॉर्डबॉय आत आले. लाल औषधामुळे होतं, तुम्हाला आधी सांगितलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सांगितलं असेल. मी तेव्हा सलाइनच्या स्टँडचं डुगडुगणारं चाक बघत होतो.

२५ जुलै

भिंत शाबूत. घरी आलो.

बरोबर पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत. काय औषध आहे हे! भूक अशी की शैला चपाती लाटते आणि मी तव्यावरून उचलतो. झोप नाही. भल्या पहाटे खाली जाऊन सोसायटीच्या पार्किंगच्या सगळ्या रेषा खडूने नव्याने आखल्या. शास्त्रोक्त पद्धतीने दोन गाड्या जास्त बसतात. सकाळी कुणालाच आपली जागा सापडेना. कनकाने वरच्या मजल्याकडे बघून हात जोडले. कौतुक म्हणून असावेत.

८ ऑगस्ट

केस गेले. सकाळी उशीवर माझ्याआधी माझे केस उठले होते. सलूनमध्ये जाऊन उरलेसुरले भादरून आलो.

लिफ्टपाशी कनका. मी तोंड उघडणार तोच तिचा चेहरा असा काही उजळला! तिरुपतीला जाऊन आलात का, मोट्टै घेतलीत का, दर्शन कसं झालं, सगळं एका दमात. मोट्टै म्हणजे नवसाचं मुंडण. इथे गुळगुळीत डोक्याचा दुसरा अर्थच नाही. लहान मुलं, म्हाताऱ्या, बँकेतल्या बाया, सगळे केस देऊन येतात आणि रुबाबात फिरतात. आमच्याकडे डोकं भादरलेलं बघून माणसं विचारतात की कोण गेलं. इथे विचारतात की लाडू कुठे आहेत.

तिनेही विचारलं. मी म्हणालो, देतो.

आयुष्यात एकदाही नवस न केलेला मी, सात मजल्यांत भक्त म्हणून जाहीर झालो.

१३ ऑगस्ट

लाडूचं संकट. दुसऱ्या डोसाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे डोकं जोरात चाललं आहे. मी विहीणबाईंना फोन करून बुंदीचे लाडू घरीच करायला सांगितले, वरून वेलदोडा आणि खायचा कापूर, कोण ओळखतंय?  त्या त्यांच्या त्या जुन्या मराठीत म्हणाल्या, "देवाच्या नांवाचा लाडू घरीं करायचा नाहीं हो. पाप तुम्हांला लागेल. आत्तां नको." या "आत्तां नको" मधलं गणित मला कळलं नाही. नंतर कधी लागलं तर चालेल का?

१७ ऑगस्ट

विहीणबाईंनी तोड काढली. कृष्णाजींना थेट तिरुपतीला पाठवलं, म्हणजे लाडू खरे आणि माझं पाप अर्धं. ते आज टोपली घेऊन आले. टोपी काढली तर डोकं माझ्याहून गुळगुळीत!

मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "गेलोंच होतों, मग केस कशाला परत आणायचे म्हटलों." मिशाही गेल्या. चाळीस वर्षं ज्या मिशांना तेल लावलं त्या मिशा. माणूस भिडस्त आहे, न्हाव्याने वस्तरा पुढे केला आणि यांना नाही म्हणता आलं नाही, दुसरं काय. शैला पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

लाडू सोसायटीत वाटले. मान एवढा वाढला की कनकाच्या नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू मी ठेवावं असं ठरलं. ज्या माणसाने हजारो गाड्यांचे ब्रेक तपासून सोडले, त्याने लिंबावर गाडी सोडली. पण जाता जाता ब्रेक दाबून पाहिला. मागचा डावा जरा सैल आहे.

५ सप्टेंबर

भक्तीचा कळस. कनकाने नोटीस लावली आहे की वरच्या मामांनी मोठं व्रत घेतलं आहे. कुणी त्यांना शिवू नये. दाराशी आल्यास हातपाय साबणाने धुवावेत. सर्दीखोकला असेल त्याने व्रतभंग करू नये. फुलं आणू नयेत, कापलेली फळं आणू नयेत. आमच्या दाराबाहेर बादली आणि साबण. पोस्टमनसुद्धा पाय धुतो.

या लोकांचा भाबडेपणा बघून हसावं की रडावं कळत नाही. योगायोगाने डॉ. विशालाक्षींचे नियमही जवळपास हेच आहेत. मी कनकाला विचारलं की हे व्रत कुठल्या शास्त्रात आहे. ती म्हणाली की त्यांच्या घरी होतं, तिच्या अम्माने मागे एकदा केलं होतं.

शैला आणि विहीणबाई दर शनिवारी भाजीला म्हणून जातात आणि दोन तासांनी एक वांगं घेऊन येतात. शनिवारी शैला जेवतही नाही. अपचन म्हणते. तिलाही दुर्बीण घालून घ्यायला सांगितलं पाहिजे. तिच्या पर्समध्ये तुळशीची पानं सापडली. अपचनावर तुळस चालते म्हणा.

२७ सप्टेंबर

भुवया गेल्या. पापण्याही. आरशात एक उकडलेला बटाटा माझ्याकडे बघत होता.

नवरात्राचे दिवस, कनकाकडे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या आहेत. तिने मला एकट्यालाच, दुपारी कुणी नसताना बोलावलं. घरातली तिची धाकटी बहीण विद्युलता तेवढी होती. ती पोर माझ्याकडे बघून म्हणाली, मामा, भुवया कोणता देव घेतो?

मी घाम पुसत सांगितलं की साताऱ्याकडे एक देव आहे. फारसा प्रसिद्ध नाही. कडक आहे. नावही घेत नाहीत. विद्युलता पुढे काही विचारणार होती, पण कनकाने तिला जोरात चिमटा काढला आणि मला म्हणाली, हो मामा, ऐकलंय मी त्याच्याबद्दल. मी चक्रावलो. तो देव मी तेव्हाच जन्माला घातला होता!

संध्याकाळी कनकाने शैलाला भुवयांची पेन्सिल आणून दिली. बायकांचं काय चालतं देव जाणे.

१९ ऑक्टोबर

पाचवा डोस होऊन आठवडा झाला. आज मी मूर्खपणा केला आहे आणि तो इथे लिहितो, कारण शैलाला अजून सांगितलेला नाही. दिवाळी दोन दिवसांवर. जावयाला, तरुणला, दरवर्षी शर्ट देतो. शैला म्हणाली की रेवा घेईल. म्हणजे मी आता शर्टही घ्यायचा नाही? ती झोपली असताना रिक्षा करून टी नगरला गेलो. पाऊस, चिखल, आणि दिवाळीची ती गर्दी, जिथे पाय उचलला तर खाली ठेवायला जागा नाही. माझ्या तोंडावर एक माणूस पोटभर शिंकला. शर्ट मात्र झकास मिळाला. निळा.

जरा कणकण वाटते आहे. पावसामुळे.

२४ ऑक्टोबर

हॉस्पिटल. हाताला सलाइन आहे, अक्षर माफ.

त्या संध्याकाळी ताप एकशे तीनवर गेला. पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. माझ्याकडे लढायला कुणी उरलं नव्हतं. पावसात रिक्षा मिळेना, तेव्हा कनकाने तिची गाडी काढली. मागचा डावा ब्रेक सैल आहे हे मी तिला तापात सांगत होतो म्हणे. तिने गाडी चालवता चालवताच फोन केला, डॉ. विशालाक्षींना, नाव घेऊन, आणि पोचलो तेव्हा खोली तयार होती. हिच्याकडे त्यांचा नंबर कसा हे विचारायचं राहून गेलं.

दोन दिवस मला फारसं काही कळत नव्हतं. एवढं आठवतं की बाहेर दिवाळीचे फटाके वाजत होते आणि शैला माझ्या पायाशी बसली होती. मला भीती वाटली. सरळ लिहितो, फार भीती वाटली. दुर्बीण, गाठ, भोक, या सगळ्याची मी थट्टा केली आणि एका शिंकेने मरणार होतो, तेही निळ्या शर्टापायी. मी शैलाला म्हटलं, मला जायचं नाहीये. ती म्हणाली, "मग जाऊ नका." असं म्हणाली जसं मी बाजारात निघालो आहे. आणि माझ्या टकलावर तळहात ठेवून तशीच बसून राहिली.

ताप आज उतरला. तरुण तो शर्ट घालून आला होता. बाह्या आखूड होतात.

१० नोव्हेंबर

आठवडाभर उशिरा का होईना, शेवटचा डोस काल झाला. लाल बाटलीला मी नमस्कार केला. नर्सला वाटलं श्रद्धा. मी म्हटलं, निरोप समारंभ.

१३ डिसेंबर

पुन्हा दुर्बीण, पुन्हा स्कॅन, पुन्हा तुकडे. जठराच्या भिंतीवर फक्त एक पांढरट व्रणाची खूण. आत एकही बंडखोर सापडला नाही. डॉ. विशालाक्षींनी चित्र काढलं, या वेळी नुसतं जठर, रिकामं. अजून दोन वर्षं नजर ठेवायला लागेल. पण आज गाठ नाही.

मी त्यांना म्हटलं, माल पास. त्या हसल्या. या वेळीही शैला हसली नाही. ती रडत होती, मोठ्याने, भर ओपीडीत, आणि मला जाम लाज वाटत होती, आणि मग मीही रडलो.

डोक्यावर बारीक लव आली आहे. भुवयाही अंदाजे.

२१ डिसेंबर

काल तिरुपतीला जाऊन आलो. शैला म्हणाली की सोसायटीला इतके महिने खोटं सांगितलं, एकदा खरं करून येऊ. मुद्दा पटला. कृष्णाजी आणि विहीणबाई बरोबर. दर्शनानंतर मला आणि कृष्णाजींना सामानापाशी बसवून दोघी जणी कुठेशा गेल्या. भाजीला नक्कीच नव्हे. मी कृष्णाजींशी लोकांच्या रांगेची आखणी किती अशास्त्रीय आहे यावर बोलत होतो.  ते पिशवी मांडीवर धरून दोघी गेल्या त्या वाटेकडे बघत होते.

दोघी परत आल्या. विहीणबाईंबरोबर कुणी दुसरीच बाई आहे असं मला वाटलं. मग तिने शैलाचं लुगडं नेसलेलं दिसलं.

तिचे केस नव्हते. एकही नाही. तो पांढराकाळा जाड शेपटा, जो लग्नात मी पहिल्यांदा पाठमोरा बघितला आणि चेहरा बघायच्या आधीच होकार दिला.

मी संतापलो. भर गर्दीत काय काय बोललो. आमच्याकडे अशी बाई बघून लोक काय समजतात हे तुला ठाऊक आहे का, साताऱ्याला कुणी पाहिलं तर माझं सुतक धरतील, मी इथे धडधाकट उभा असताना! नवस करू नको म्हणून बजावलं होतं ना? विहीणबाई खाली बघत होत्या. शैलाने माझं सगळं बोलणं होऊ दिलं. मग म्हणाली:

"माझ्या आजीचे केस आजोबा गेले म्हणून काढले होते. ते नऊ वर्षांची मी न्हाणीच्या दाराआडून बघत होते. माझे तुम्ही राहिलात म्हणून काढले. मी स्वतः पुढे होऊन बसले."



कृष्णाजींनी पिशवीतून चंदनाची वाटी काढली. इथे मुंडणानंतर डोक्याला चंदनाचा लेप लावतात, थंड पडतं. लेप विहीणबाई लावणार होत्या, पण त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि दोघं नवराबायको उगाचच लाडूच्या रांगेकडे गेली. मी शैलाला पायरीवर बसवलं. उजव्या कानामागे न्हाव्याने दोन केस सोडले होते, आणि टाळूवर एक बारीकसा ओरखडा. काम सफाईचं नव्हतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "मग परत पाठवा." इतक्या वर्षांत मी तिच्या डोक्याला असा हात कधी लावला नव्हता. ते किती लहान आहे, हेही मला माहीत नव्हतं. मी ओरखडा वगळून बाकी सगळीकडे नीट, सारख्या जाडीचा लेप लावला.